करंगळीवाचून

सकाळी ऑफिसची मागची खिडकी उघडली आणि कापलेल्या भाताचा वास आत आला. गोडसर, थोडा ओला, थोडा तांबूस. वासाला रंग नसतो हे मला कळतं, पण या वासाला आहे. कुसगावात आता शेतं कमी आणि हॉटेलं जास्त. तरी आमच्या इमारतीमागे एक तुकडा अजून राहिलाय, आणि आज तिथे बायका वाकलेल्या होत्या. विळ्याचा आवाज काही माडीपर्यंत येत नाही. मला मात्र आला. खर्र, खर्र. आणि माझी डावी करंगळी, जी एरवी कशातच नसते, ती ताठ झाली. म्हणजे ती ताठच असते. आज ती माझ्या लक्षात आली, एवढंच.

दरवर्षी असं होतं. नवरात्र सरतं, धुकं उन्हं वर येईपर्यंत रुळांवर बसून राहतं, डोंगरावरची सोनकीची फुलं सुकायला लागतात आणि मळवलीच्या आजूबाजूची सगळी खाचरं एकदम पिवळी दिसायला लागतात. लोकांना दिवाळीची घाई सुटते. मला त्या एका वर्षाच्या कापणीची आठवण येते.

मी इथली नाही. वाशीमकडची. आमच्याकडे या दिवसांत सोयाबीन असतं, आणि ते आम्ही कापत नाही, सोंगतो. वाळलेल्या शेंगा पायाला लागून वाजतात, धूळ नाकात जाते, खोड काडीसारखं कडक झालेलं असतं. डाव्या हाताने झाड धरायचं, बुडाशी विळा लावायचा आणि हिसका द्यायचा. एका हिसक्यात झाड हातात. नववीनंतर माझी शाळा सुटली. दहावीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, एसटीचा भरवसा नव्हता आणि घरात सोंगायला हात कमी पडत होते. शाळेतलं पुढे बरंचसं विसरले. हिसका नाही विसरले. तो मनगटातच राहिला.

लग्नानंतर आमच्या ह्यांना मळवलीला एका बंगल्याच्या राखणीचं काम मिळालं, म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. मागच्या बाजूची एक खोली, पुढे मालकाची बाग, कुंपणापलीकडे सखूमावशींची भाताची खाचरं. ह्यांचं काम झालं, माझं काय, म्हणून मी कुसगावच्या एका ऑफिसात झाडूपोछा धरला. लोणावळ्याच्या हॉटेलांचे कॉम्प्युटर सांभाळायचं ते ऑफिस: खोल्यांची नोंद, बिलं, कॅमेरे, सगळं. अभयसरांचं. सर तळेगावचे. बोलायला कमी, आणि चिडले की चष्मा काढून पुसत बसायचे. सकाळी मी त्यांच्या आधी पोचायचे. फोन वाजला की उचलायचा, कुठल्या हॉटेलचं काय बिघडलंय ते लक्षात ठेवून सरांना सांगायचं. सांगता सांगता विचारायला लागले. विचारता विचारता सरांनी एक दिवस एक जुना कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "विचारतेस त्यापेक्षा करून बघ."

आमचं काम काळ्या पडद्यावर चालतं. तिथे चित्रं नाहीत, माउस नाही. एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, तिकडे हॉटेलातलं यंत्र ऐकतं. ओळी लांबलचक. मध्येच एक अक्षर चुकलं तर अख्खी ओळ पुसून पुन्हा लिहायची नसते. कंट्रोलचं बटण दाबून त्याबरोबर एखादं अक्षर दाबलं की माणूस ओळीच्या सुरुवातीला जातो, दुसरं दाबलं की मागचा शब्द पुसला जातो, तिसऱ्याने जुनी लिहिलेली ओळ शोधून मिळते. हे कंट्रोल डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात खाली. ते दाबायचं करंगळीने. उजवीकडेही एक होतं, पण माझ्या कीबोर्डवरचं ते कधीच मेलेलं.

पावसाळ्यात सरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "दिवाळीच्या सुट्टीत हॉटेलं भरतात. तेव्हा या खुर्चीवर पटापट काम करणारं माणूस मला लागेल. तुझा हात बसला तर तू. नाही बसला तर बाहेरून कुणी आणावं लागेल. तू मग आहेस तशी झाडायला आहेसच." त्यांनी ते रागाने नाही सांगितलं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. रागाने सांगितलेलं माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो.

मी जीव लावून शिकत होते. आणि भात कापायला आलं.

सुट्टीचा दिवस होता. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते. सखूमावशींनी ओरडून विचारलं, "ए निर्मले, नुसतं बगत काय ऱ्हायलीस? ये की!"

"माझा विळा नाही मावशी इथला."

"मग तिकडचा आन! सावडीला ज्याचा त्यानं आनायचा आस्तो."

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझं कापायचं, उद्या सगळ्यांनी माझं. पैसे कुणी कुणाला देत नाही. आमच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत माहेरचा विळा होता. मी तो घेऊन आनंदाने खाचरात उतरले. मावशींच्या विळ्याला बारीक दाते होते, माझ्या विळ्याची धार सपाट. मावशी भाताची चूड डाव्या मुठीत धरायच्या आणि विळा सावकाश, करवतीसारखा आपल्याकडे ओढायच्या. खर्र. मी शेजारी वाकून धरली चूड, लावला विळा आणि दिला हिसका. भाताची काडी मऊ असते. सोयाबीनसारखी ती अडवत नाही. विळा काडीतून सुटला आणि सरळ मुठीच्या खालच्या बोटावर आला.

"आगं वढ म्हनलं, हिसकू नगं!" मावशी म्हणेपर्यंत झालं होतं. मग त्यांचाच आवाज बदलला. "हात वर धर. वर! बगू नगंस तिकडं, माज्याकडं बग." डोक्याचं फडकं सोडून त्यांनी माझा हात आवळून बांधला. पिवळ्या धांड्यांवर लाल पडलेलं मला अजून दिसतं, आणि आश्चर्य म्हणजे त्या क्षणी मला वाटलं ते एवढंच, की मावशींचं भात खराब झालं.

डॉक्टरांनी आतली तुटलेली नस शिवली, बोटाला पट्टी बांधली आणि खरं ते सांगितलं. बोट राहील. वाकेलच असं नाही.

मी जगले-वाचले याचा आनंद करायचा सोडून रस्ताभर मनात एकच हिशेब. कंट्रोल. दिवाळी. खुर्ची.

घरी आईचा फोन. "बोट वाकते का वं?"

"पाहतो माय. पट्टी निघाली की समजीन."

"नाही वाकलं त इकडं ये. इथं काय करंगळी लागते?"

आईचं खरंच होतं. सोंगायला करंगळी लागत नाही. म्हणूनच मला परत जायचं नव्हतं, आणि हे आईला सांगता येत नव्हतं.

त्या दिवसांत आमच्या खोलीत बायका यायच्या. सावडीतल्याच. एक भांडी घासून जायची, एक पाणी भरायची, एक भाकरी ठेवून जायची. मी संकोचाने मरत होते. म्हटलं, "मावशी, मी काय कापलं? एक चूड पण नाही."

"आलतीस नव्हं?" मावशी म्हणाल्या. "मग? तुला काय वावर न्हाई. तुजी सावड आमी फेडायची कुटं? हितंच फेडतो. गप पड."

ह्यांना मात्र सगळ्याचीच मजा. पट्टी निघाल्यावर मी चहा पीत होते, करंगळी आपोआप वर. हे म्हणाले, "आता तू साहेबीणच दिसतं. बोट वर करून च्या पेतं." मी रडायच्या बेतात होते, हसले.

ऑफिसला गेले आणि बसून बघितलं. करंगळी कंट्रोलवर जाईच ना. अंगठा वळवून बघितला, मनगट दुखलं. उजवा हात ओलांडून आणला, तर उजव्याची अक्षरं अनाथ. सर मागे उभे होते ते मला माहीत नव्हतं.

"दुखतंय?"

"नाही सर." मग खरं सांगितलं. "पोचत नाहीये. मी झाडायला घेऊ का परत?"

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "एक दुसरी पद्धत आहे. जुन्या लोकांची. कंट्रोल जवळजवळ लागतच नाही. मला स्वतःला कधी जमली नाही, म्हणून मी तुला दाखवलीच नाही." चष्मा परत लावत म्हणाले, "ही माझी सोय होती. तुझी वेगळी असू शकते, हे डोक्यातच आलं नाही."

एक लपलेली फाईल असते, तुमच्या-माझ्या आवडीनिवडी यंत्राला सांगायची. तिच्यात त्यांनी एक ओळ लिहिली आणि माझा कीबोर्ड बदलला. दिसायला तोच. पण आता त्याच्या दोन अवस्था होत्या. एकीत अक्षर दाबलं की अक्षर उमटायचं. दुसरीत तेच अक्षर हुकूम व्हायचं: एकाने मागच्या शब्दावर, एकाने पुढच्या, एकाने चुकलेलं अक्षर गायब. कुठलंही जोडबटण नाही. एकेक बोट, एकेक काम. सरांनी जुना लॅपटॉप घरी सरावाला दिला, म्हणाले, "मी पण शिकतो. बघू आधी कुणाला येतं."

पहिले दिवस फजितीचे. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हेच कळायचं नाही. लिहायला जावं तर ओळच नाहीशी. पुसायला जावं तर पुसायचं अक्षरच उमटतं. एकदा कुठलं तरी अक्षर लागलं आणि अख्खा पडदा दुसराच झाला, मी घाबरून लॅपटॉपचं झाकणच लावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी ते अक्षर शोधलं आणि त्याचं कामच काढून घेतलं. त्यांच्याकडूनही ते दोनदा दाबलं गेलं होतं, हे त्यांनी हळूच सांगितलं.

मावशी भारे बांधून झाले की माझ्या खोलीच्या पायरीवर टेकायच्या. अंगाला पेंढ्याचा वास. काळ्या पडद्याकडे बघून म्हणायच्या, "पिक्चर कवा लागनार गं?"

"पिक्चर नाही मावशी, काम आहे." मी त्यांना समजावलं की एकच बटण, पण कधी त्याचा अर्थ हा, कधी तो. आणि मी सारखी चुकते.

"मग त्यात काय," मावशी म्हणाल्या. "विळा घिऊन चालताना कसा धरत्यात? पातं मागं. कापाया वाकलं की पातं म्होरं. विळा त्योच की. आता मला काय कुनी सांगाया येतं का, सखू, तू चालतीस का कापतीस? अंगाला कळतं. तुज्याबी कळंल."

"कधी कळेल?"

"लय घाई तुला. त्या घाईनंच बोट ग्येलं."

मावशींना हे सांगायला काही वाटत नव्हतं आणि मला ऐकायलाही. खळ्यावर कुणीतरी पेंढ्या झोडत होतं, धप धप, आणि त्या तालावर मी अक्षरं दाबत राहिले.

एक अडचण मात्र अंगाला कळण्यापलीकडची होती. एका अवस्थेतून दुसरीत जायचं बटण डाव्या टोकाला अगदी वर. तिथेही करंगळीच. तेव्हा सर म्हणाले, दुसऱ्या कुठल्या बटणांना ते काम देऊ. शेजारी शेजारी असलेली दोन अक्षरं, जी एकामागून एक सहसा कुठल्या शब्दात येत नाहीत. जे आणि के. पटकन दोन्ही दाबले की अवस्था बदलणार. लिहिलं तसं फाईलमध्ये. सरांनी दाबले, बदलली. मी दाबले, पडद्यावर नुसतं जे, नुसतं के. पुन्हा. जे. के. मी दुसरं दाबेपर्यंत यंत्र वाट बघून कंटाळलेलं असायचं.

मला ती ओळखीची वाटली, ती गोष्ट. फळ्यावरचं उतरून होण्याआधी फळा पुसला जायचा. एसटी पोचेपर्यंत वर्ग सुरू झालेला असायचा. म्हटलं, "राहू द्या सर. माझाच हात हळू आहे."

"थांब गं. किती वेळ वाट बघायची हेसुद्धा त्याला सांगता येतं," सर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी फाईलमध्ये आणखी एक ओळ लिहिली, एक आकडा वाढवला. "दाब आता. सावकाश." मी जे दाबलं. श्वास घेतला. के दाबलं. अवस्था बदलली.

हे वाचणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी कचऱ्याची बादली रिकामी करायला खाली गेले. कुणाला तरी थांब म्हणता येतं, आणि ते थांबतं! ऑफिसखालच्या रंगाच्या दुकानापुढे बादली घेऊन मी बराच वेळ उभी होते. समोरून पुण्याच्या गाड्यांची रांग चालली होती, सगळ्यांना सगळीकडे लवकर पोचायचं होतं.

मग मला हुरूप आला. ओळीच्या सुरुवातीला आपली अवस्था दाखवणारं चिन्ह ठेवता येतं असं कळल्यावर मी तिथे मराठीत ठेवलं: एका अवस्थेला 'लिही', दुसरीला 'थांब'. दिसायला इतकं गोड, पण काळ्या पडद्याला आपल्या वेलांट्या मोजता येईनात. कर्सर भलतीकडेच उभा राहायला लागला. सर हसून हसून खोकले. शेवटी इंग्रजी एल आणि टी वर भागवलं. मनात मी ते लिही आणि थांब असंच वाचते. आजही.

वाट बघण्याचा तो आकडा मी पुढे थोडा थोडा कमी करत आणला. कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सर मुंबईहून परतताना घाटातल्या गर्दीत अडकले आणि त्यांचा फोन लागेना. सकाळचीच वेळ. लोणावळ्याच्या एका हॉटेलातून मॅनेजरचा फोन. मागे लहान मुलं रडतायत, कुणीतरी भांडतंय. "मॅडम, सरांना द्या. खोल्यांचं काहीच उघडत नाही. लॉबीत लोक उभे आहेत."

"सर नाहीत."

"मग?"

म्हटलं, "मी बघते." आवाज माझा नव्हता.

हॉटेलच्या यंत्रावर शिरले, ओळ लिहिली, मध्ये एक अक्षर चुकलं. सवयीने जे, के. पडद्यावर उमटलं जे, के. पुन्हा. पुन्हा तेच. मग आठवलं: माझ्या सोयी माझ्या ऑफिसच्या यंत्रावर. इथे त्या नाहीत. इथे सगळ्यांची पद्धत, कंट्रोलवाली. ते यंत्र सगळ्यांच्या वापरातलं. त्याच्या फाईलमध्ये काही बदलायचं नाही हा सरांचा नियम, कारण उद्या त्यावर बसणाऱ्याचा हात फसेल. नियम मला पटलेलाही होता. दुसऱ्याच्या वावरात आपला विळा ठेवून यायचा नाही.

पण नेऊन परत आणता येतो. सरांनी कधीतरी सांगितलं होतं की तीच ओळ फाईलमध्ये न लिहिता नुसती पडद्यावर लिहिली तर ती आपल्यापुरती आणि तेवढ्या वेळापुरती लागू होते. बाहेर पडलं की पुसली जाते. मी आठवून आठवून लिहिली. मग जे आणि केची ओळ. दाबलं. अवस्था बदलली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. कॅमेऱ्यांच्या जुन्या चित्रणाने यंत्रातली जागा भरली होती, म्हणून खोल्यांची नोंद अडकली होती. काढून टाकायचं नाही, दुसऱ्या जागी हलवायचं, हे मला माहीत होतं. लांब ओळ लिहिली. एंटर मारण्याआधी एकेका शब्दावर मागे मागे येत वाचली. एका ठिकाणी अक्षर चुकलेलं सापडलं; ते बदललं. एंटर.

"मॅडम? मॅडम, आलं! आलं!" मॅनेजर ओरडला, आणि मागे कुणाला तरी म्हणाला, "द्या, किल्ल्या द्या."

मी बाहेर पडले तशी माझी सोय तिथून पुसली गेली. तिथे कुणी होतं असं कळलंही नसतं.

सर दुपारी आले. मी लिहिलेल्या ओळी त्यांनी खालपासून वरपर्यंत वाचल्या. "हं," म्हणाले. एवढंच. आणि त्या 'हं'वर मी अख्खी दिवाळी काढली. हे म्हणाले, हं म्हणजे चांगलं. मावशी म्हणाल्या, "आगं, वाईट असतं तर बोलला नसता का?" आईने विचारलं, "पक्कं झालं का वं?" मी म्हटलं, "माहीत नाही माय." करंजी गोड लागत नव्हती.

सुट्टीनंतर सर एक खोका घेऊन आले. "नवा कीबोर्ड. दोन्हीकडची कंट्रोल चालतात, दुकानात दाबून बघितली मी. आता हवं तर सगळ्यांसारखं करता येईल तुला."

सगळ्यांसारखं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? म्हणजे अजून पारखतायत? मी खुर्चीच्या कडेला धरून म्हटलं, "सर, मला हेच राहू द्या. हात बसलाय."

"नक्की?"

"नक्की."

"बरं." त्यांनी खोका उचलला आणि खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवला. "मग हा इथे. पुढच्या महिन्यापासून एक जण शिकायला येणार आहे. दोघं पुरत नाही आपण."

आपण, म्हणाले. मला ते कळायला जरा वेळ लागला. सर नेहमीसारखे पुढे बोलत होते. "तू शिकवायचंस."

"मी?"

"मग? झाडायला वेगळी बाई बघितलीय."

"पण सर, कुठली पद्धत शिकवू? माझी का सगळ्यांची?"

सरांनी चष्मा काढला. चिडलेले नव्हते. "मला काय विचारतेस? जे कुणी येईल त्याचे हात बघ आणि ठरव."

पुढच्या महिन्यात आली ती कुरवंड्याची एक मुलगी. घाबरलेली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. पहिल्या दिवशी मी तिला काहीच शिकवलं नाही. कीबोर्ड पुढे सरकवला, तिचं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं आणि तिची बोटं कुठे जातात ते बघत बसले.